सही खोटी असेल तेव्हा तुमचा प्रोग्राम काय करतो?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळच्या टपालात डिजिटल सहीबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. डिजिटल सही म्हणजे गुप्त चावीनं (प्रायव्हेट की) फाइलवर केलेली आणि सगळ्यांना दिलेल्या चावीनं (पब्लिक की) तपासता येणारी खूण. पहिल्या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. त्यातली चूक एका माणसाची नाही, मी ती वर्षानुवर्षं ठिकठिकाणी पाहत आले आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. एक छोटं सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. ते स्वतःचं अपडेट नेटवरून उतरवून घेतं. अपडेटच्या फाइलवर मी ईडी२५५१९ पद्धतीनं सही करतो आणि वापरणाऱ्याच्या मशीनवर पायथॉनच्या 'क्रिप्टोग्राफी' लायब्ररीनं ती तपासतो. त्यातलं व्हेरिफाय फंक्शन सही बरोबर असली तरी 'नन'च (म्हणजे 'काहीच नाही') देतं, त्यामुळे माझं 'इफ' कधी खरं होईना. मग मी 'इफ नॉट' केलं आणि अपडेट सुरळीत बसायला लागलं. अधूनमधून एखाद्याकडे प्रोग्राम नेमका तिथेच कोसळायचा, म्हणून सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये घातलं. एरर आली तर लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि पुढे जायचं. सहा महिने झाले, एकही तक्रार नाही. तरी मनात पाल चुकचुकते. काही चुकलंय का?

उत्तर : हो, चुकलंय. तुमचा प्रोग्राम आज सही तपासतच नाही. कोणीही, कसलीही फाइल दिली तरी तो ती बसवेल. आधी ते एक्सेप्ट काढा, नवीन आवृत्ती पाठवा आणि मग पुढचं वाचा.

या लायब्ररीतलं व्हेरिफाय खरं-खोटं असं उत्तर देतच नाही. सही जुळली तर ते गप्प राहून परत येतं, म्हणून तुम्हाला 'नन' दिसतं. जुळली नाही तर ते 'इनव्हॅलिड सिग्नेचर' नावाचं एक्सेप्शन, म्हणजे न पकडल्यास प्रोग्राम थांबवणारी एरर, फेकतं. म्हणजे तुमच्या 'इफ नॉट'पर्यंत गाडी पोचली की ते नेहमी खरंच असणार. त्या 'इफ'नं आजवर काहीही ठरवलेलं नाही. खरा निकाल एक्सेप्शनमध्ये होता आणि तोच तुम्ही गिळून टाकलात. एखाद्याकडे प्रोग्राम कोसळायचा असं तुम्ही लिहिता, तेव्हा तो बिघडत नव्हता. ही फाइल तुमची नाही, किंवा अर्धवट उतरली आहे, असं लायब्ररी ओरडून सांगत होती. जमेल त्या वापरणाऱ्यांकडून ते लॉग मागवून घ्या. 'इनव्हॅलिड सिग्नेचर'ची प्रत्येक ओळ म्हणजे सही न जुळलेली आणि तरीही बसवलेली एक फाइल आहे. बहुतेक वेळा कारण नेट तुटणं हेच निघेल, पण ते डोळ्यांनी पाहून ठरवा.

दुरुस्ती छोटी आहे. 'इफ' मुळीच नको. व्हेरिफायची हाक एका ओळीवर एकटी लिहा आणि फाइल बसवण्याचं काम तिच्या खाली, त्याच प्रवाहात ठेवा. पकडायचंच असेल तर फक्त 'इनव्हॅलिड सिग्नेचर' पकडा आणि तिथे फाइल पुसून फंक्शनमधून बाहेर पडा. बाकीची एक्सेप्शनं पकडू नका. बेस६४ (बाइट अक्षरांत लिहिण्याची रीत) फाटकं आलं, बाइट्सच्या जागी स्ट्रिंग गेली, चावीची लांबी चुकली, तर प्रोग्राम पडू दे. पडलेला प्रोग्राम काही बसवत नाही, आणि या जागी आपल्याला तेच हवं आहे.

सगळा दोष तुमचा नाही. प्रत्येक लायब्ररीनं 'हो' म्हणण्याची रीत वेगळी ठेवली आहे. लिबसोडियममध्ये ० म्हणजे सही बरोबर आणि -१ म्हणजे चूक. ओपनएसएसएलमध्ये १ म्हणजे बरोबर. गो भाषेत आरएसए पद्धतीच्या सहीचं फंक्शन एरर परत देतं आणि ती 'निल' असली तर सही बरोबर. त्याच गोमध्ये ईडी२५५१९चं फंक्शन सरळ खरं-खोटं सांगतं. जावात खरं-खोटंही मिळतं आणि सहीचा आकारच बिघडलेला असेल तर एक्सेप्शनही येऊ शकतं. एका लायब्ररीची सवय दुसरीकडे नेली की घात होतो. वीस वर्षं हे काम करूनही मी दर वेळी त्या फंक्शनचं पान उघडून 'परत काय देतं' हा परिच्छेद वाचते.

ही सवय मला एका चुकीनं लावली. २००७च्या सुमारास मी सी भाषेत, ओपनएसएसएल वापरून, बाहेरून येणाऱ्या फाइलींवरच्या डीएसए पद्धतीच्या सह्या तपासण्याचं काम लिहिलं होतं. फंक्शन होतं ईव्हीपी-व्हेरिफाय-फायनल. निकाल 'इफ'मध्ये घातला, झालं. खरी सही दिली, १ आला, फाइल घेतली. दुसऱ्या फाइलची सही लावून पाहिली, ० आला, फाइल नाकारली. दोन्ही चाचण्या पास, म्हणून आम्ही काम पुरं झाल्याची खूण केली. वर्षभरानं एक नवा सहकारी आला. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं सहीचे शेवटचे दहा बाइट कापून फाइल पाठवली. प्रोग्राम म्हणाला, सही योग्य आहे. मी डीबगर लावून त्या ओळीवर थांबले. निकालाच्या जागी -१ होता. हे फंक्शन तीन उत्तरं देतं : बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०, आणि सही वाचताच आली नाही तर -१. सी भाषेत शून्य सोडून सगळं खरं. कापलेली सही वाचता येत नव्हती, म्हणूनच माझ्या 'इफ'ला ती खरी वाटली. वर्षभर ते दार उघडं होतं.

पुढे जानेवारी २००९मध्ये ओपनएसएसएलनं जाहीर केलं की त्यांच्या स्वतःच्या कोडमध्ये याच फंक्शनचा निकाल बऱ्याच जागी असाच चुकीचा तपासला जात होता आणि त्यामुळे बिघडवलेली सही चालून जात होती. ते वाचून मला हायसं वाटलं नाही, धडकी भरली. ज्यांनी फंक्शन लिहिलं त्यांच्याही हातून तिसरं उत्तर निसटलं होतं.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट मला दिसत नाही, पण असण्याची दाट शक्यता आहे : सुरुवातीला 'सही ठीक' नावाचा एखादा झेंडा खरा ठेवलेला आणि चूक आली तर तो खोटा करायचा. तसं असेल तर उलटं करा. झेंडा खोटा ठेवून सुरुवात करायची आणि तो खरा होण्याची जागा साऱ्या कोडमध्ये एकच ठेवायची, व्हेरिफायच्या लगेच खाली. फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलला आयफोन आणि मॅक दोन्हींसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली, ती याच कारणानं. सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ पडली होती. दुसरी ओळ कुठल्याही अटीशिवाय उडी मारायची. उडी मारताना एररच्या खान्यात ० होता, कारण आधीच्या पायऱ्या पार पडलेल्या होत्या. प्रत्यक्ष सही तपासणारी ओळ उडीच्या खाली राहिली, तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही, आणि फंक्शननं '० म्हणजे सगळं ठीक' सांगितलं. त्या खान्यात सुरुवातीपासून 'नाही' असतं आणि शेवटच्या पायरीनंच ते पुसलं असतं, तर त्या जादा ओळीमुळे जोडणी तुटली असती आणि चूक त्याच दिवशी सापडली असती.

आता चाचण्या. खऱ्या सहीची चाचणी प्रत्येक जण लिहितो, कारण ती चालल्याशिवाय सॉफ्टवेअरच चालत नाही. खोट्या सहीची चाचणी मुद्दाम लिहावी लागते. ईडी२५५१९ची सही ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिटांची असते. एक लूप लावा, दर फेरीला एकच बिट उलटा करा आणि व्हेरिफायला द्या. ५१२च्या ५१२ वेळा नकार आला पाहिजे. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तोवर होतं. मग फाइलमधला एक बिट उलटा करून पाहा. दुसऱ्याच चावीनं केलेली सही द्या, रिकामी सही द्या, ६३ बाइटची द्या, ६५ची द्या. आणि ६४ शून्यांची द्या.

शून्यांचं एवढं काय, असं वाटेल. ईसीडीएसए पद्धतीत सही म्हणजे आर आणि एस असे दोन आकडे असतात, आणि तपासणीची पहिली पायरी अशी की दोन्ही किमान १ तरी असले पाहिजेत. जावाच्या १५व्या आवृत्तीत हा भाग सी प्लस प्लसमधून जावात नव्यानं लिहिला गेला आणि ती पायरी राहून गेली. एप्रिल २०२२मध्ये ते उघड झालं. ३० ०६ ०२ ०१ ०० ०२ ०१ ०० एवढ्या आठ बाइटांची सही, म्हणजे आर शून्य आणि एस शून्य, कुठल्याही संदेशावर आणि कुठल्याही चावीला चालत होती. आवृत्ती १५ ते १८ सगळ्या त्यात सापडल्या. शून्यांची एक चाचणी कोणी लिहिली असती तर पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं. म्हणून ती तुम्ही लिहाच, लायब्ररी कितीही नावाजलेली असो.

प्रश्न : ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनं ईसीडीएसए, पी-२५६ वक्रावर सही करते आणि सर्व्हरवर जावामध्ये तपासते. चावी तीच, मजकूर तोच, हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) दोन्हीकडे शा-२५६. तरी सही कधीच जुळत नाही. दोन दिवस गेले.

उत्तर : आधी सहीची लांबी मोजा. ब्राउझरकडून आलेली सही नेमकी ६४ बाइट भरेल. जावाला लागते ती ७०, ७१ किंवा ७२च्या आसपास. आकडे तेच असतात, फक्त बांधणी निराळी. ब्राउझर आर आणि एस प्रत्येकी ३२ बाइटांत, एकापुढे एक ठेवून देतो. जावा आणि ओपनएसएसएल डीईआर नावाच्या वेष्टनात मागतात.

वेष्टन एकदा जवळून पाहून ठेवा, मग ते कुठेही ओळखू येईल. सुरुवात अशी दिसते : ३० ४५ ०२ २१ ००. हे आकडे दहाच्या नाही, सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) लिहिलेले आहेत. ३० म्हणजे 'इथून एक यादी सुरू', ४५ म्हणजे पुढे ६९ बाइट आहेत. ०२ म्हणजे पूर्णांक, २१ म्हणजे तो ३३ बाइटचा. आर तर ३२चाच, मग ३३ का? आरचा सगळ्यात वरचा बिट १ असेल तर या वेष्टनात तो ऋण आकडा समजला जातो, म्हणून पुढे एक ०० लावून तो धन ठेवतात. आर संपला की पुन्हा ०२, लांबी आणि एस. आर आणि एसच्या वरच्या बिटांप्रमाणे एकूण लांबी ७०, ७१ किंवा ७२ होते, आणि आकडे पुढून लहान पडले तर क्वचित त्याहून कमी. '७२ बाइट नसतील तर नाकारा' अशी अट कोणी घातलेली दिसली तर तीही काढा. तिच्यामुळे बहुतेक खऱ्या सह्या नापास होतात आणि कोणालाच कारण कळत नाही.

जावा ९ किंवा पुढची असेल तर स्वतः बाइट जुळवत बसू नका. अल्गोरिदमच्या नावात शेवटी 'इन पी१३६३ फॉरमॅट' असलेला प्रकार मागा, तो ६४ बाइटची सही थेट घेतो. पायथॉनवाल्यांना आर आणि एस देऊन वेष्टन बांधून देणारं फंक्शन 'क्रिप्टोग्राफी' लायब्ररीत तयार मिळतं.

लांबी जुळूनही सही जुळली नाही, तर मी दोन ठिकाणी पाहते. पहिलं, हॅश दोनदा तर होत नाही ना? 'शा-२५६ विथ ईसीडीएसए' म्हणताच लायब्ररी स्वतः हॅश काढते. तुम्ही आधीच काढलेला हॅश दिलात तर हॅशचा हॅश होतो. दुसरं, मजकूर खरोखर तोच आहे का? डोळ्यांना तोच दिसणं पुरेसं नाही. दोन्हीकडे सही होण्याच्या क्षणीच्या बाइटांचा हॅश छापा आणि शेजारी ठेवा. जेसन उलगडून पुन्हा लिहिलं की मोकळ्या जागा आणि आतल्या नावांचा क्रम बदलू शकतो. विंडोजवर टेक्स्ट म्हणून फाइल उघडली की ओळीच्या शेवटी दोन बाइटांचा एक होतो. जसे बाइट आले तसेच आधी तपासायचे, आणि सही जुळल्यावरच ते उलगडायचे.

प्रश्न : सही कुठल्या अल्गोरिदमनं केली आणि कुठल्या चावीनं तपासायची, हे मी संदेशाच्या हेडरमध्येच (सुरुवातीच्या माहितीत) पाठवतो. तपासणारा ते वाचून त्याप्रमाणे करतो. अल्गोरिदम बदलायला सोपं जातं. ठीक आहे ना?

उत्तर : नाही. सही जुळेपर्यंत तो हेडर कोणी लिहिला हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही त्यालाच विचारताय की तुझी परीक्षा कशी घेऊ. २०१५मध्ये जेडब्ल्यूटी टोकनच्या (वापरणाऱ्याची ओळख सांगणाऱ्या, सही केलेल्या छोट्या मजकुराच्या) अनेक लायब्रऱ्यांत हेच सापडलं. हेडरमध्ये अल्गोरिदमच्या जागी 'नन' लिहिलं की सही न तपासताच टोकन चालायचं. दुसरा प्रकार याहून सफाईचा. आरएसएच्या जागी एचमॅक लिहायचं. एचमॅकला गुप्त चावी लागते आणि लायब्ररी त्या जागी हातातली आरएसएची पब्लिक की वापरायची. ती तर सगळ्या जगाकडे असते, म्हणजे कोणीही खोटं टोकन बनवावं. अल्गोरिदम आणि पब्लिक की दोन्ही तपासणाऱ्याच्या बाजूला, प्रोग्रामच्या आत पक्की ठेवा. चाव्या बदलायच्या असतील तर हेडरमध्ये चावीचा नुसता क्रमांक चालेल, पण तो तुमच्याकडच्या यादीतलाच हवा आणि त्या क्रमांकासोबत अल्गोरिदमही यादीतूनच आला पाहिजे.

फाइलसोबत त्याच झिपमध्ये पब्लिक कीही पाठवणाऱ्यांचं एक पत्र आलं आहे. त्यांनाही हेच उत्तर. फाइल बदलणारा चावीही बदलेल आणि सही अगदी बरोबर जुळेल.

प्रश्न : आरएसएची तपासणी म्हणजे सहीचा घात घ्यायचा, भागून बाकी काढायची आणि हॅश जुळवायचा. चार ओळींसाठी एवढी मोठी लायब्ररी का ओढू?

उत्तर : त्या चार ओळींत बसत नाही त्या भागासाठी. घात घेतल्यावर हातात नुसता हॅश येत नाही. जुन्या आणि अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या रीतीत, २०४८ बिटांची चावी आणि शा-२५६ असेल तर २५६ बाइटचा एक ठोकळा येतो : ००, ०१, मग एफएफ (सगळे बिट १ असलेला बाइट) २०२ वेळा, पुन्हा ००, मग हॅशचा प्रकार सांगणारे १९ बाइट आणि शेवटी ३२ बाइटचा हॅश. बरेच जण एफएफ ओलांडत पुढे जातात, ०० दिसला की थांबतात, प्रकार वाचतात, हॅश उचलतात आणि जुळवतात. हॅशच्या मागे काही उरलं आहे का, हे पाहतच नाहीत. २००६च्या क्रिप्टो परिषदेत डॅनियल ब्लायकेनबाखर यांनी दाखवलं की पब्लिक कीमधला घातांक ३ असेल तर एवढ्याच ढिलाईवर सही बनवता येते. एफएफ थोडेच ठेवायचे, हॅश पुढे सरकवायचा, मागे मोकळी जागा ठेवायची आणि ती अशी भरायची की एखाद्या पूर्णांकाचा घन त्या ठोकळ्यात बसेल. तो पूर्णांक हीच सही. प्रायव्हेट की लागतच नाही. त्याच वर्षी ओपनएसएसएलला दुरुस्ती द्यावी लागली. २०१४मध्ये फायरफॉक्स ज्या लायब्ररीवर चालतो तिच्यात याच जातीची चूक पुन्हा निघाली.

यावरचा चांगला उपाय म्हणजे आलेला ठोकळा उलगडायचाच नाही. आपल्याकडच्या हॅशवरून तो कसा असायला हवा ते २५६ बाइट स्वतः बांधायचे आणि आलेल्याशी पहिल्यापासून शेवटच्या बाइटपर्यंत जुळवायचे. पण तेही लायब्ररीलाच करू द्या. नव्यानं सुरुवात करत असाल तर ईडी२५५१९ घ्या, त्यात हे वेष्टनच नाही. चावी ३२ बाइट, सही ६४, आणि निवडायला पर्याय जवळजवळ काहीच नाहीत.

प्रश्न : सही अगदी बरोबर तपासली, तरी कोणी आमचीच जुनी आवृत्ती पुन्हा पाठवली तर?

उत्तर : ती बसेल, कारण तिच्यावरची सही खरीच आहे. जुन्या आवृत्तीत दुरुस्त न झालेलं भोक असेल तर तुमच्याच सहीनं ते परत उघडेल. आवृत्तीचा क्रमांक सही केलेल्या बाइटांच्या आत ठेवा, सही जुळल्यावर तो वाचा आणि बसलेल्या आवृत्तीहून लहान किंवा तेवढाच असेल तर फाइल नाकारा. क्रमांक फाइलच्या नावातून घेऊ नका. नावावर सही नसते.